५३-एन क्रमांकाची बाटली

गळती हा शब्द गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. ठाकुरद्वाराजवळच्या आमच्या फणसवाडीत पहिला पाऊस पडला की घराघरांत पातेली मांडली जात आणि त्यांच्या टपटपीवरून कोणाचे कौल कुठे सरकले आहे याचा अदमास घेतला जाई. पुढे कौले गेली, पत्रे आले, स्लॅब आले. गळती मात्र कुळकायद्याने संरक्षण मिळाल्यासारखी जागच्या जागी राहिली. वरच्या मजल्यावरील मोरीचे पाणी आमच्या देवघरावर ठिबकू लागले म्हणजे भांडणे होत. वरचे म्हणत, आमची मोरी कोरडी आहे. आम्ही म्हणत असू, मग हे काय गंगावतरण? शेवटी गवंडी यायचा. तो भिंतीवर बोट फिरवून एकच वाक्य बोलायचा, "पाणी दिसते तिथून शिरत नाही." मग तो भलतीकडेच फोडाफोड करी आणि पुष्कळदा त्याचे खरे ठरे.

त्या गवंड्याची मला आठवण झाली ती गेल्या दिवाळीत, आणि तीही माझ्या भाच्यामुळे. बहीण माहेरपणाला आली होती, बरोबर हा. वसईच्या पलीकडे एका कारखान्यात तो नोकरीला आहे. सलाइनच्या नळ्या, मूत्रमार्गात घालायच्या नळ्या, रक्ताच्या पिशव्या असा माल तिथे होतो, आणि त्यातली एकही वस्तू गळकी बाहेर जाऊ नये हे पाहणाऱ्या खात्यात हा काम करतो. चकलीचा तुकडा मोडत तो म्हणाला, "मामा, दिवसभर मी बुडबुडे शोधतो. सायकलचा पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवून पाहतो ना, तेच. फक्त माझे घमेले काचेचे आहे आणि पगार महिन्याचा आहे." मी म्हटले, तुझ्या या धंद्याला इतिहास आहे, आणि त्याचे एक पान इथून तासाभराच्या वाटेवर, परळला, लिहिले गेले आहे. तो हसला. बुडबुड्याला इतिहास कसला, असे त्याला वाटले असावे. त्या संध्याकाळी त्याला जे सांगितले तेच इथे जरा ऐसपैस मांडतो.

गोष्ट १८९६ सालची. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवीच्या वस्तीत एका चमत्कारिक तापाने माणसे पटापट मरू लागली. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग आहे, असे निदान केले आणि ते उघडपणे सांगितले. धोबीतलावावर मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. फणसवाडीहून चालत गेलो तर पंधरा-वीस मिनिटांत त्यांच्यासमोर उभे राहता येते. पण त्या चौकात वर मान करून पुतळा पाहण्याची सवड कोणाला असते? मुंबई बघता बघता ओस पडू लागली. माझी आजी तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. तिला आठवे ते एवढेच, की रात्री सामान बांधले, पहाटे भाऊच्या धक्क्यावर गेले, आणि बोटीत इतकी माणसे होती की तिला कोणाच्या तरी गाठोड्यावर बसवले होते. सारे कोकणात पळाले. मागे राहिलेल्यांच्या घरांची झडती, माणसांची इस्पितळात रवानगी, सामानाची जाळपोळ, आणि या सगळ्याविषयी लोकांच्या मनात साठलेला संताप हा इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे. पुण्यात त्याचा शेवट २२ जून १८९७च्या रात्री रँडच्या खुनात झाला.

अशा दिवसांत, ऑक्टोबर १८९६ मध्ये, वाल्डेमार हाफकिन नावाचा छत्तीस वर्षांचा माणूस मुंबईत आला. जन्म ओडेसाचा, धर्माने ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला. पटकीची लस त्याने आधी तयार केली होती आणि ती स्वतःवर टोचून मग १८९३ पासून हिंदुस्थानात गावोगाव टोचली होती. मुंबईत त्याला भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि तिच्याबाहेरचा व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत त्याने प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दंड सुजला, माणूस जगला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचली, आणि टोचलेल्यांत रोगाचे प्रमाण बरेच कमी दिसले. मग मागणी वाढली. जागा पुरेना. दोनदा बिऱ्हाड बदलून १८९९च्या ऑगस्टमध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर हाउसात गेली. जिथे लाटसाहेबांच्या मेजवान्या झडल्या तिथे मटणाच्या रश्शाच्या सुरया मांडल्या गेल्या.

मटणाचा रस्सा मी थट्टेने म्हणत नाही. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचे सत्त्व लागे. गाईचे किंवा डुकराचे मांस वापरले तर हिंदू वा मुसलमान कोणीच टोचून घेणार नाही, हे ओळखून हाफकिनने बकऱ्याचे मांस निवडले. रश्शावर तुपाचे किंवा खोबरेलाचे थेंब सोडले की त्या थेंबांना धरून जंतूंच्या पारंब्या खाली लोंबत. पाच-सहा आठवडे हे वाढू द्यायचे, मग तापवून जंतू मारायचे, थोडे कार्बोलिक घालायचे आणि तो द्रव लहान लहान बाटल्यांत भरून बुचे लावायची. घरातल्या मुरलेल्या लोणच्याची कृती वाचावी तसे हे वाटते. आणि लोणच्यासारखेच इथेही सारे शेवटी येऊन ठरे ते बरणीच्या तोंडावर. आत काय घातले हे सुगरणीला ठाऊक असते. दादरा बांधल्यावर आत आणखी काय गेले, हे तिला बुरशी दिसेपर्यंत कळत नाही.

औषध आत टिकवणे हा प्रश्न तेव्हा सगळ्या जगालाच नवा होता. कातडीखाली टोचायची औषधे नुकती कुठे प्रचारात आली होती. पोटात घ्यायच्या औषधात चार जंतू गेले तर पोट ते पचवते. रक्तामांसात टोचायच्या औषधाला ती सवलत नाही. १८८६ साली पॅरिसमधील स्तानिस्लास लिमुझँ या औषधविक्रेत्याने यावर एक तोड काढली. एका वेळेपुरते औषध काचेच्या नाजूक कुपीत भरायचे आणि कुपीची मान ज्योतीवर वितळवून बंद करायची. आज डॉक्टर मान मोडून वापरतात ती अँप्यूल हीच. तिला बूच नाही, झाकण नाही. काच काचेला मिळालेली. पण गावेच्या गावे टोचायची तर एकेका माणसासाठी एकेक कुपी कुठून आणणार? परळहून लस जाई ती अनेकांना पुरेल अशा बाटल्यांतून, बूच लावून.

१९०२ साली पंजाबात प्लेगने कहर केला. तिथल्या सरकारने लाखो लोकांना टोचण्याचा बेत आखला आणि परळवर मागणीचा डोंगर कोसळला. जुन्या रीतीने आठवडेच्या आठवडे वाट पाहायला वेळ नव्हता. हाफकिनने कृतीत बदल केला, नव्या रीतीने जंतू लवकर वाढवले, आणि कार्बोलिक गाळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली. या बदलाला शास्त्राचा आधार होता, हे खरे. तरीही मला इथे थोडे थांबावेसे वाटते. कार्बोलिकचा उपयोग आत असलेल्या जंतूंपुरता नव्हता. उद्या चुकून आत शिरेल त्याच्यासाठीही ते एक पहारेकरी होते. बुचावर पूर्ण भरवसा असल्याशिवाय आतला पहारा उठवू नये, असे आज कोणीही म्हणेल. पण बुचावर भरवसा आहे की नाही हे मोजण्याचे साधन तेव्हा परळला नव्हते.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील मुलकोवाल नावाचे गाव. आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी तिथे १०७ माणसांना लस टोचली. बाटल्या पाच, सगळ्या परळच्या. त्यांतल्या एकीवर क्रमांक होता ५३-एन. सुमारे आठवडा गेला आणि १९ माणसांच्या जबड्यांना ताठरा आला. धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस माणसे मेली. ही सगळी ५३-एन मधून टोचलेली होती. इतर बाटल्यांतून टोचलेल्या उरलेल्यांना काहीही झाले नाही.

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, गुरांच्या शेणात असतात, आणि त्यांची बीजे उन्हातान्हात वर्षानुवर्षे तग धरतात. तेव्हा जंतू कुठले हे विचारायलाच नको होते. प्रश्न होता तो आमच्या गवंड्याचा. शिरले कुठून? परळला बाटली भरताना? वाटेत, बुचाच्या फटीतून? की मुलकोवालच्या त्या आवारात, बूच उघडताना?

चौकशीसाठी आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स. आयोगाने ठरवले की घाण बाटली उघडण्यापूर्वीच आत होती, म्हणजे दोष परळचा. कार्बोलिक वगळल्याचे खापर अर्थातच हाफकिनच्या माथी आले. त्याला कामावरून दूर करण्यात आले. तो युरोपात गेला, आणि ज्याने लाखो माणसांना टोचायला लस दिली तो पुढली चार-पाच वर्षे आपण १९ माणसे मारली नाहीत हे सिद्ध करण्यासाठी कागद जमवीत बसला.

कागदांत एक गोष्ट होती, आणि आयोगासमोरच्या साक्षीत ती आधीपासून होती. ५३-एनचे बूच काढण्याचा चिमटा उघडणाऱ्या कंपाउंडरच्या हातून जमिनीवर पडला होता. नियमाप्रमाणे तो ज्योतीवर धरायला हवा होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात जरासा खळबळून घेतला आणि त्यानेच बूच काढले. कार्बोलिकने धनुर्वाताची बीजे अशी क्षणात मरत नाहीत. शिवाय टोचण्यापूर्वी डॉक्टरने बाटलीचा वास घेऊन पाहिला होता, आणि त्याला दुर्गंधी आली नव्हती. बाटली परळहून भरून पाच-सहा आठवडे झाले होते. एवढ्या काळात मांसाच्या सत्त्वात धनुर्वाताचे जंतू वाढले असते तर घाण सुटल्याशिवाय राहती ना. आणखी एक गोष्ट: बाटलीत विष आधीच तयार असते तर माणसे लवकर आजारी पडली असती. आठवड्याचा अवधी गेला, तो बीजे अंगात रुजायला लागतो तेवढाच.

हे मुद्दे जगापुढे जोराने मांडले ते रोनल्ड रॉस यांनी. मलेरियाचे कोडे सोडवून नोबेल पारितोषिक मिळवलेला हा माणूस १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'मधून हाफकिनसाठी भांडला. त्या वर्षीच्या जुलैत रॉस, अमेरिकेतील सायमन फ्लेक्सनर आणि आणखी काही नामवंतांच्या सह्यांचे पत्र त्याच वृत्तपत्रात आले. हाफकिनवरील आरोप टिकत नाही, असा त्याचा स्पष्ट सूर होता. फ्रान्समधील ड्रायफस प्रकरण तेव्हा ताजे होते. एका ज्यू माणसावर सरकारने खोटा आळ घेतला हे साम्य लोकांच्या नजरेत भरले आणि याला 'छोटे ड्रायफस प्रकरण' म्हटले जाऊ लागले. सरकारने अखेर हाफकिनला परत बोलावले, पण परळला नाही. ती जागा भरली होती. त्याला कलकत्त्याला धाडले.

माझे मत विचाराल तर आयोगाने अन्याय केला. पण न्यायाधीश मूर्ख होते किंवा दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे एक उघडलेली बाटली होती. उघडलेल्या बाटलीचे बूच साक्ष देऊ शकत नाही. ते घट्ट होते की सैल, हे उघडण्याच्या क्षणीच पुसले जाते. परळच्या बाजूनेही ठोस पुरावा नव्हता. आमची रीत चोख होती, आमची माणसे दक्ष होती, एवढेच त्यांना म्हणता येत होते. बाटली निघाली तेव्हा ती सर्व बाजूंनी बंद होती, हे दाखवणारा एक आकडा जर कुठल्या वहीत असता! तो नव्हता, म्हणून चिमट्याची साक्ष वर्षानुवर्षे दप्तरात पडून राहिली.

असे आकडे मिळवण्याची विद्या पुढच्या काळात हळूहळू तयार झाली, आणि तिचा उगम मोठ्या शास्त्रज्ञांच्या मेजावर नसून कारखान्यांच्या ओल्या फरशीवर आहे. काचेच्या अँप्यूलसाठी निळ्या पाण्याची युक्ती निघाली, ती मला सगळ्यांत आवडते. बंद केलेल्या शेकडो कुपी एका लोखंडी भांड्यात ठेवायच्या, भांड्यातली हवा पंपाने ओढून काढायची आणि मग आत मिथिलिन ब्लू घातलेले पाणी सोडायचे. ज्या कुपीच्या मानेला केसाएवढी भेग असेल तिच्यातली हवा आधीच ओढली गेलेली असते. हवा परत सोडली की तिच्या जागी निळे पाणी आत घुसते. कुपी बाहेर काढून धुवायच्या आणि उजेडासमोर धरायच्या. निळी झालेली बाजूला. शाळेतल्या दौतीत निबाचा टाक बुडवलेल्या माणसाला ही परीक्षा एका वाक्यात कळते.

यात एक खोच आहे, ती भाच्याने सांगितली. गरम भांड्यावर ताट झाकून ठेवले तर थंड झाल्यावर ते कसे घट्ट चिकटून बसते, हे स्वयंपाकघरात सगळ्यांना ठाऊक आहे. औषधाची बाटली वाफेने निर्जंतुक करून थंड होऊ लागली की तिच्या आतही तशीच पोकळी तयार होते. बूच जराही कच्चे असेल तर ती बाटली बाहेरची हवा, बाहेरचे पाणी आपण होऊन ओढून घेते. म्हणजे ज्या उपचाराने ती स्वच्छ करायची, तोच तिला घाण आत घ्यायला लावतो. "म्हणून मामा," तो म्हणाला, "आम्ही आधी तपासतो आणि नंतरही तपासतो."

नळ्यांना, पिशव्यांना निळे पाणी चालत नाही. माल वापरायचा असतो. तिथे बुडबुडा. नळीचे एक तोंड बंद करून दुसरीकडून हवा भरायची आणि पाण्यात धरायची. पण बुडबुडा पाहणारा डोळा माणसाचा. दुपारी दोनच्या सुमारास तो मिटू लागतो. म्हणून पुढे दाबाची परीक्षा आली. वस्तूत ठरावीक दाबाने हवा भरायची, झडप बंद करायची आणि काही सेकंद स्वस्थ बसायचे. दाब उतरला तर गळते आहे. किती उतरला यावरून भोक केवढे याचा हिशेब निघतो. त्यातही फसगत आहे. नळी तापली तर दाब वाढतो, मऊ पिशवी ताणली तर दाब उतरतो. गळती नसताना यंत्र ओरडते, असताना गप्प बसते. भाच्याच्या खात्यात पंख्याची दिशा बदलली म्हणून एक अख्खी दुपार माल नापास होत होता. रबरी हातमोज्यांची रीत तर अगदीच घरगुती आहे. मोज्यात एक लिटर पाणी भरून तो टांगायचा आणि दोन मिनिटे ठिबकतो का ते पाहायचे. एवढ्यासाठी जगभर लेखी नियम आहेत.

सगळ्यांत बारीक परीक्षा हेलियम वायूची. आणि इथे आम्हा कोकण्यांची एक जुनी फुशारकी जरा दुरुस्त करावी लागेल. हेलियमचा शोध आमच्या विजयदुर्गाच्या किल्ल्यावर लागला, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. खरी हकिगत अशी की १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन याने वेध घेतले ते आंध्रातल्या गुंटूरला. नॉर्मन लॉकियरने त्याच वर्षी इंग्लंडात बसून सूर्यप्रकाशातील ती पिवळी रेषा पाहिली आणि ती एका नव्या मूलद्रव्याची ठरवली. लॉकियर विजयदुर्गाला आला तो पुढे १८९८च्या जानेवारीत, दुसऱ्या ग्रहणाला, म्हणजे मुंबईत प्लेग धुमाकूळ घालत होता त्याच हिवाळ्यात. असो. हा वायू हलका, कशाशी संयोग न करणारा, आणि हवेत अत्यंत कमी. त्यामुळे तो जिथे सापडू नये तिथे सापडला तर भोक आहे हे नक्की. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अणुबाँबसाठी युरेनियम वेगळे करण्याचे प्रचंड कारखाने उभारले, तेव्हा मैलोन्‌मैल नळांचे सांधे तपासण्यासाठी हेलियम हुंगणारी यंत्रे बनवली गेली. संहारासाठी बनलेली ती यंत्रे पुढे हृदयाचा ठोका चालवणाऱ्या पेसमेकरच्या कामी आली. १९५८ साली स्टॉकहोममध्ये पहिला पेसमेकर माणसाच्या शरीरात बसवला तो राळेच्या वड्यासारखा ओतून केला होता. राळेतून शरीराचा ओलावा पाझरतो. नंतर धातूची डबी आली, तिचे सांधे जोडले गेले, आणि ते सांधे हेलियमने तपासले जाऊ लागले. इथे गळतीची भीती दुहेरी आहे: शरीर डबीत शिरू नये आणि डबीतले शरीरात येऊ नये.

एवढे सगळे शिकूनही जग चुकते. अमेरिकेत १९७०-७१ साली सलाइनमुळे अनेक इस्पितळांतील रोग्यांच्या रक्तात जंतू शिरले, कित्येक दगावले. सलाइन शुद्ध होते. बाटलीच्या झाकणाच्या आतली चकती बदलली होती, नव्या चकतीखाली जंतूंना आसरा मिळाला, आणि झाकण उघडून पुन्हा लावताना ते सलाइनच्या वाटेवर आले. मुलकोवालची कथा सत्तर वर्षांनी, मोठ्या श्रीमंत देशात, जवळजवळ जशीच्या तशी घडली म्हणा ना. फरक एवढाच, की या वेळी संशयाचे बोट माणसाकडे न जाता झाकणाकडे गेले आणि झाकण तपासता आले.

आपल्याकडे १९७४ साली तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 'आयसोमेड' नावाचा कारखाना सुरू झाला. इथे वैद्यकीय वस्तू वेष्टनात बंद करून, खोक्यांसकट, कोबाल्टच्या गॅमा किरणांखालून नेतात. किरण वेष्टन न फाडता आत जातात, जंतू मरतात, आणि खोके तसेच इस्पितळात पोचते. मुलकोवालच्या आवाराला यात जागाच उरली नाही, असे प्रथम वाटते. विचार केल्यावर दिसते की सारा भार आता त्या वेष्टनाच्या कडेवर आला आहे. कागद आणि प्लास्टिक जिथे उष्णतेने चिकटवले, ती बोटभर पट्टी. तीच बूच, तीच अँप्यूलची मान.

आणि तरीही चिमटा पडतोच. भाच्याची परीक्षा कारखान्याच्या दारापर्यंत चालते. पुढे ट्रक, गोदाम, उन्हातले फलाट, दवाखान्यातले घाईतले हात. वेष्टन दाताने फाडणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत. एका इस्पितळात, नाव कशाला सांगू, माझ्या पत्नीला लावायच्या सलाइनची नळी परिचारिकेच्या हातून निसटून फरशीला लागली. तिने ती पदराने पुसली. मी खाटेजवळ उभा होतो. मला मुलकोवाल ठाऊक होते, चिमटा ठाऊक होता, एकोणीस आकडा ठाऊक होता. तरी तोंडातून शब्द फुटायला वेळ लागला, कारण आजाऱ्याजवळ उभ्या माणसाला परिचारिकेशी वाकडे घेण्याचे धैर्य नसते. शेवटी मी म्हटले, "ताई, दुसरी लावा." तिने माझ्याकडे रागाने पाहिले आणि दुसरी लावली. ती पहिली नळी कारखान्यातून अगदी निर्दोष निघाली असेल, यात मला शंका नाही.

हे ऐकून भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, हाफकिनचे पुढे काय झाले? मी सांगितले. कलकत्त्यात त्याचे मन रमले नाही, प्लेगचे काम त्याच्या हाती पुन्हा आले नाही. काही वर्षांनी तो निवृत्त होऊन युरोपात गेला. लग्न केले नव्हते. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले, तेव्हा तो जिवंत होता. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये लोझान शहरी वारला. परळची ती इमारत उभी आहे.

"आम्ही काय करतो सांगू?" भाचा म्हणाला. "प्रत्येक घाण्यातले काही नग बाजूला काढून कपाटात ठेवतो. मुदत संपेपर्यंत हात लावायचा नाही. उद्या कुठल्या गावाहून तक्रार आली, की या नंबरच्या नळीने माणूस मेला, तर त्याच घाण्यातले जुळे भाऊ आमच्याकडे बंद वेष्टनात असतात. ते काढायचे, तपासायचे. वहीत त्या दिवशीचा दाब, वेळ, यंत्राचा नंबर आणि सही असते." "सही कोणाची?" मी विचारले. "माझी," तो म्हणाला, आणि उरलेली चकली संपवून हात धुवायला मोरीत गेला.